शुद्ध वेगळे आणि स्वच्छ वेगळे



दवाखान्याच्या भिंतीवर जे लिहिलेले असते, अंगणवाडीच्या फळ्यावर जे टांगलेले असते, ते सगळे शास्त्रीयच असणार, असे आपल्या वस्तीतली पुष्कळ माणसे धरून चालतात. त्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. भोसरी-चाकणच्या कारखान्यात आठ तास, बारा तास मशीनवर उभा राहणारा माणूस घरी येऊन प्रत्येक गोष्टीची शहानिशा कधी करणार? सरकारने सांगितले, डॉक्टरांनी सांगितले, म्हणजे ते तपासूनच सांगितले असेल, असा त्याचा विश्वास असतो. समाज चालायचा तर असा विश्वास लागतोच.

पण सरकार म्हणजे तरी कोण? माणसेच की! कोणत्या तरी घरात वाढलेली, कोणत्या तरी पंगतीत जेवलेली, सोवळे-ओवळे पाहिलेली माणसे. ती खुर्चीवर बसली म्हणजे त्यांच्या घरातले संस्कार दाराबाहेर राहतात, असे नाही. तेव्हा सरकारी आरोग्य-सल्ल्यात विज्ञान किती आणि रूढी किती, हा प्रश्न विचारण्याचा आपल्याला पुरेपूर अधिकार आहे. हा प्रश्न काही आजचाच नाही. त्याला आपल्या पुणे जिल्ह्यात आणि महाराष्ट्रात सव्वाशे वर्षांचा लेखी इतिहास आहे. तो आपल्या मुलाबाळांना ठाऊक असावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

सुरुवात प्लेगपासून करू. १८९६ साली प्लेग मुंबईत आला आणि थोड्याच महिन्यांत पुण्यात शिरला. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला होता. पण तो माणसाच्या अंगात शिरतो कसा, ते तेव्हा नीट कळलेले नव्हते. उंदराच्या अंगावरची पिसू हा रोग पसरवते, हे पॉल-लुई सिमाँ ह्या फ्रेंच डॉक्टरने १८९८ साली कराचीत दाखवून दिले, आणि तेही सगळ्यांना पटायला आणखी कित्येक वर्षे गेली. मग १८९७ साली पुण्यात रँडसाहेबाच्या प्लेग कमिटीने जे हुकूम काढले, ते कशाच्या आधारावर? रोग घाणीत असतो, घाण नेटिवाच्या घरात असते आणि नेटिव सांगून ऐकत नाही, ही साहेबाच्या मनातली पक्की समजूत होती. गोरे सोल्जर घरात घुसले, बायाबापड्यांच्या अब्रूचा विचार न करता तपासण्या केल्या, जमिनी खणल्या, भिंतींना चुना फासला, लोकांचे सामानसुमान जाळले. हे सारे 'आरोग्याच्या' नावाखाली चालले होते. २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, ते आपण शाळेत शिकतो. पण त्या हुकमांत विज्ञान किती होते, हे मात्र कोणी शिकवीत नाही.

गंमत अशी, की त्याच काळात खेड्यापाड्यांतली अडाणी म्हटली जाणारी माणसे काय करीत होती? घरात उंदीर पडू लागले की घर सोडायचे आणि गावाबाहेर माळावर झोपडी घालून राहायचे. पिसवांची माहिती त्यांना नव्हती. पण उंदीर मेला म्हणजे मागोमाग माणूस जातो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. पुढे विज्ञानाने सिद्ध केले ते ह्या निरीक्षणाशी जुळणारेच निघाले. म्हणजे रूढी सगळी वाईट आणि साहेबाचे सगळे शास्त्र, असेही नाही. गोष्ट कोणाची, हे गौण आहे. ती तपासून पाहिली की नाही, हे महत्त्वाचे.

आणि त्याच प्लेगात आपल्या सावित्रीमाई काय करीत होत्या? मुलगा डॉक्टर यशवंत ह्याच्यासह हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर त्यांनी दवाखाना काढला. मुंढव्याच्या महारवाड्यातला गायकवाडांचा आजारी मुलगा त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणला, अशी हकीकत आहे. त्याच सेवेत त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांनी देह ठेवला. रोग्याची जात न पाहता त्याला उचलणे, ही साधी गोष्ट त्या काळच्या मोठमोठ्या शिकलेल्या लोकांना जमली नाही, ती माईंनी करून दाखविली.

आता तीस वर्षे पुढे येऊ. महाडचे चवदार तळे आपल्या घराघरांत ठाऊक आहे. पण त्याच्याकडे आज मला आरोग्याच्या बाजूने पाहायचे आहे. १९२३ साली रावबहादूर सीताराम केशव बोले ह्यांनी मुंबई कायदे कौन्सिलात ठराव मंजूर करून घेतला, की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. १९२४ साली महाड नगरपालिकेने आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आपल्या हजारो बांधवांसह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्यानंतर काय झाले? तळे 'बाटले' म्हणून ते 'शुद्ध' करण्यात आले. १०८ घागरी पाणी बाहेर काढले आणि तळ्यात दूध, दही, शेण आणि गोमूत्र टाकले!

थोडा विचार करा. ज्या पाण्यावर गुरेढोरे येत, ते पाणी माणसाच्या ओंजळीने बिघडले, आणि शेण टाकल्याने सुधारले? पाण्यातला जंतू कोणता, तो मारायचा कसा, हे १९२७ साली जगाला ठाऊक होते. शहरांतून पाण्यात क्लोरीन टाकणे सुरू झालेले होते. म्हणजे ज्ञानाचा अभाव हे कारण नव्हते. तिथे 'शुद्ध' ह्या शब्दाचा अर्थच 'स्वच्छ' असा नव्हता. 'शुद्ध' म्हणजे वरच्याचे, 'अशुद्ध' म्हणजे खालच्याचे. पाण्याची परीक्षा झालीच नाही. परीक्षा झाली ती पिणाऱ्याच्या जातीची.

आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने खरी महत्त्वाची घटना तर पुढेच आहे. ४ ऑगस्ट १९२७ रोजी महाड नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. पाण्याची देखभाल करणे हे नगरपालिकेचे काम. त्या अधिकृत संस्थेने गावातल्या रूढीपुढे मान टाकली आणि कागदावर शिक्का मारला. धर्ममार्तंडांनी तळ्यात शेण टाकले, ती त्यांची श्रद्धा झाली. पण नगरपालिकेने ठराव फिरवला, तेव्हा ती श्रद्धा सरकारी झाली. पुढे दावा चालला, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने निकाल दिला, की अस्पृश्यांना वगळण्याची अनादि काळापासूनची रूढी सिद्ध झालेली नाही. एका ओंजळीचा निवाडा व्हायला दहा वर्षे लागली.

डिग्री घेतलेले डॉक्टर तरी ह्यातून सुटले होते का? बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र दिले आहे. ते १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त छापून आले होते. त्या शिक्षकाची बायको बाळंत झाली आणि तिला न्यूमोनिया झाला. हिंदू डॉक्टर यायला तयार नव्हता. फी ठरली, अटी ठरल्या, तेव्हा आला. त्याने थर्मामीटर एका मुसलमान माणसाच्या हातात दिले, त्याने नवऱ्याच्या हातात, नवऱ्याने बायकोला लावले, आणि त्याच वाटेने ते परत गेले. डॉक्टरने बाईला हात लावला नाही. बाई वारली. त्या डॉक्टरकडे शास्त्राचे पुस्तक होते, थर्मामीटर होते. नव्हती ती फक्त माणसाला माणूस म्हणून तपासण्याची तयारी. साधन आधुनिक असले म्हणजे सल्ला आधुनिक असतो, असे मानू नये, हे त्या पत्रातून शिकायचे.

आता ह्याच्या उलट एक उदाहरण देतो, म्हणजे पारडे एका बाजूला झुकणार नाही. आपल्या मराठीत त्या भयंकर रोगाचे नावच 'देवी' असे होते. अंगावर फोड आले की 'देवी आल्या' म्हणायचे, कडुलिंबाचा पाला ठेवायचा, देवीचा कोप नको म्हणून औषध द्यायचे नाही. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला लस टोचली; हिंदुस्थानातली ती पहिली लस. त्या काळी एकाच्या दंडावरच्या फोडातली लस काढून दुसऱ्याच्या दंडावर टोचीत. त्यामुळे कोणाच्या अंगातले कोणाच्या अंगात, असा जातीचा वाद तिथेही उभा राहिलाच. पण पुढे सरकारने काय केले? लोकांची भाषा घेतली. 'देवी टोचणे', 'देवी डॉक्टर' हे शब्द आपल्या आजी-आजोबांच्या तोंडी होते. गावोगाव 'देवी डॉक्टर' फिरले, लोकांनी पोरांचे दंड पुढे केले, आणि १९७५ साली देशातला शेवटचा रोगी सापडल्यावर तो रोग इथून गेला. १९८० साली जगातून गेल्याचे जाहीर झाले.

ह्यात लक्षात ठेवण्यासारखे काय? भाषा श्रद्धेची होती, पण सुईतले औषध विज्ञानाचे होते. लोकांच्या मनाला दुखवू नका, त्यांच्या शब्दांत बोला, पण आतला माल खरा द्या. संस्कृतीला आरोग्यखात्याने एवढाच मान द्यायचा असतो, आणि एवढा जरूर द्यावा. आज पुष्कळदा ह्याच्या बरोबर उलटे होते. भाषा विज्ञानाची असते. 'पोषण', 'रोगप्रतिकारशक्ती', 'संतुलित आहार' असे शब्द असतात. आणि आत भरलेला असतो तो जुना सोवळेपणा.

आपल्या पिंपरीचेच पाहा. १९५४ साली इथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ ह्यांच्या मदतीने देशाचा पहिला सरकारी पेनिसिलीन कारखाना इथे उभा राहिला. पेनिसिलीन म्हणजे काय? बुरशीपासून निघणारे औषध! बुरशी, कुत्र्याची छत्री, शिळेपाके हे सारे जुन्या आहारशास्त्रात तामसी. पण न्यूमोनियाने तापलेल्या लेकराच्या आईने कधी विचारले नाही, की सुई सात्त्विक आहे की तामसी. ह्याच कारखान्याच्या शास्त्रज्ञांनी मातीतल्या एका सूक्ष्म जीवापासून 'हॅमायसिन' हे औषध शोधले आणि त्या जीवाला नाव मिळाले 'स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना'. आपल्या पिंपरीचे नाव असे शास्त्राच्या पुस्तकात गेलेले आहे. ज्या गावाला हा वारसा आहे, त्या गावाच्या लोकांनी तरी 'हे कशावरून?' असे विचारायला लाजू नये.

आता आपल्या काळाकडे येतो. २०१७ साली केंद्राच्या आयुष मंत्रालयाखालच्या योग व निसर्गोपचार परिषदेची माता आणि बालसंगोपनाची पुस्तिका गाजली. तेव्हा मंत्री होते आपल्या शेजारच्या गोव्याचे श्रीपाद नाईक. त्या पुस्तिकेत गरोदर बाईला सल्ला होता, की मांसाहार टाळा, काम-क्रोध-आसक्ती टाळा, वाईट संगत टाळा, खोलीत सुंदर चित्रे लावा. डॉक्टर मंडळींनी लगेच हरकत घेतली. मंत्रालयाचे म्हणणे पडले, की हे योग-निसर्गोपचारातले परंपरागत ज्ञान आहे, सक्ती नाही. असेल! पण सरकारी मुद्रा असलेली पुस्तिका हातात पडल्यावर सासूबाई काय म्हणणार? "बघ, सरकारसुद्धा सांगतंय!" ज्या घरात सुनेच्या ताटात आधीच शेवटचे उरलेले पडते, तिथे ह्या सल्ल्याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या गरोदर बायकांपैकी जवळजवळ ४६ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळले. बोंबील, कलेजी, अंडे हे गरिबाला परवडणारे रक्तवाढीचे अन्न. ते 'टाळा' म्हणायचे, तर त्याच्या तोडीचे काय खायचे ते सांगा आणि ते घरी पोचवा. नुसती चित्रे लावून रक्त वाढत नाही.

ह्या बाबतीत पुण्यातच झालेले संशोधन फार बोलके आहे. केईएम हॉस्पिटलच्या संशोधन केंद्रातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी ह्यांनी पुणे परिसरातल्या खेड्यांतल्या, झोपडपट्टीतल्या आणि शहरी मध्यमवर्गातल्या पुरुषांचे रक्त तपासले. तो अहवाल २००६ साली प्रसिद्ध झाला. जवळजवळ दोन तृतीयांश माणसांत बी-१२ हे जीवनसत्त्व कमी निघाले. हे जीवनसत्त्व रक्ताला आणि मज्जातंतूंना लागते, आणि अन्नातून ते मिळते ते दूध, अंडी, मासे, मटण ह्यांतूनच. सगळ्यात जास्त कमतरता कोणात? तर शहरी मध्यमवर्गात! शाकाहार करणाऱ्यांना धोका कितीतरी जास्त होता. म्हणजे ज्या ताटाला पिढ्यान्‌पिढ्या 'शुद्ध' म्हटले गेले, त्याच ताटात हे एक जीवनसत्त्व अपुरे होते. ह्यात शाकाहारी बांधवांना हिणवायचे कारण नाही. ज्याला खायचे नाही त्याने खाऊ नये, दूध प्यावे, डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी. मुद्दा एवढाच, की 'शुद्ध' हा शब्द पोषणाचे माप नाही.

आणि आता ज्या गोष्टीचा आपल्या पोरांच्या ताटाशी सरळ संबंध आहे, तिच्याकडे येऊ. शाळेतल्या दुपारच्या जेवणातले अंडे!

आदिवासी भागासाठी महाराष्ट्र सरकारने २०१५ साली ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू केली आणि पुढे लहान मुलांना त्यात अंडी किंवा केळी देऊ लागले. म्हणजे कुपोषण हटवायला अंडे उपयोगी पडते, हे सरकारला मान्य होतेच. ७ नोव्हेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने साऱ्या राज्यातल्या शाळांत आठवड्यातून एकदा उकडलेले अंडे, किंवा अंडा पुलाव, अंडा बिर्याणी देण्याचे ठरले. जो खात नाही त्याला केळे किंवा दुसरे फळ. कोणावर सक्ती नव्हती. त्यात वाईट काय होते? एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम उत्तम प्रथिन असते, बी-१२ असते, अ आणि ड जीवनसत्त्व असते. शिवाय ते कवचात बंद, त्यात पाणी मिसळता येत नाही, माप मारता येत नाही. डाळीत पाणी घालता येते, अंड्यात कसे घालणार?

पण काही धार्मिक संघटनांनी विरोध केला. जानेवारी २०२४ मध्ये नवा आदेश निघाला. जिथे मोठ्या केंद्रीय स्वयंपाकघरातून जेवण येते, अशा शाळेत ४० टक्के पालकांनी नको म्हटले तर साऱ्या शाळेचे अंडे बंद. म्हणजे ६० टक्के पालकांच्या मुलांचेही बंद! आणि जानेवारी २०२५ च्या अखेरीस सरकारने अंड्याचा आणि नाचणी सत्त्वाचा खर्च देणेच थांबवले. द्यायचे असेल तर शाळांनी लोकसहभागातून द्यावे, असे सांगितले. कारण दिले गेले ते पैशाचे. अंडे अपायकारक आहे, असा कुठल्या पोषणतज्ज्ञांच्या समितीचा अहवाल त्यासाठी पुढे ठेवला गेला नाही. उलट मे २०२४ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने भारतीयांसाठी आहाराची जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत अंड्याला, माशाला, मटणाला डाळी-दुधाबरोबर जागा आहे. एकाच देशात सरकारी शास्त्रज्ञ एक सांगतात आणि शाळेतल्या ताटात दुसरेच पडते. तमिळनाडूत १९८९ पासून शाळेतल्या मुलांना अंडे मिळू लागले आणि २०१० पासून आठवड्यातून पाच. तिथली मुले काही बाटली नाहीत!

कर्नाटकात तर आणखी पुढची पायरी गाठली गेली. नव्या शैक्षणिक धोरणासाठी तिथे आरोग्याविषयी एक टिपण तयार झाले. २०२२ साली ते वर्तमानपत्रांतून गाजले. भारतीयांची शरीरयष्टी लहान, म्हणून नेहमी अंडी-मांस खाल्ल्याने रोग होतात, अशा आशयाचे त्यात लिहिलेले होते. ज्या मुलाला दोन वेळचे पोटभर मिळत नाही, त्याला आठवड्याच्या अंड्याने श्रीमंतांचे रोग होतील ही भीती! पोषणतज्ज्ञांनी ते खोडून काढले. पण नमुना नीट ओळखून ठेवा. 'आमच्या धर्मात चालत नाही' असे कोणी सरळ म्हटले, तर ते त्याचे मत म्हणून आपण ऐकून घेऊ. तेच मत 'कोलेस्टेरॉल' हा शब्द लावून आले, की सामान्य माणूस गप्प बसतो. कारण त्याला वाटते, हे डॉक्टरी बोलणे आहे.

आमच्या गिरणीच्या रात्रपाळीला कामगार काय करतात, ते सांगतो. गेटबाहेरच्या हातगाडीवर दोन उकडलेली अंडी, मीठ-मिरपूड, आणि चहा. उत्तर प्रदेशचा, बिहारचा, मराठवाड्याचा, सगळे एकाच गाडीभोवती उभे. रात्रभर उभे राहायला अंगात काय लागते, ते कष्टकऱ्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. पण ज्या बापाला ते कळते, त्याच्याच पोराच्या शाळेतले अंडे बंद होते तेव्हा तो बाप तिथे हजर नसतो. आपली गोम इथे आहे.

दुसऱ्याकडे बोट दाखवताना आपल्या घरातही पाहिले पाहिजे. आपल्या वस्तीत बाळंतिणीचा पहिला चीक आजही काही घरांत पिळून टाकतात. तो घट्ट, पिवळा, म्हणून 'वाईट'. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की बाळ जन्मल्यापासून तासाभरात त्याला अंगावर घ्या. तो चीक म्हणजे रोगाशी लढायची पहिली शिदोरी. इथे सरकारी सल्ला शास्त्राचा आहे आणि चूक आपली आहे. गरोदरपणी अंडे 'उष्ण', पपई 'उष्ण', जास्त खाल्ले तर बाळ मोठे होईल आणि बाळंतपण अडेल. काविळीला गळ्यात माळ. गोवर आला तर दवाखान्यात न्यायचे नाही. वयात आलेल्या पोरीला चार दिवस कोपऱ्यात बसवायचे. हे सगळे आपल्याकडे अजून शिल्लक आहे. महाडच्या शेणाला हसणाऱ्या माणसाने आपल्या घरातल्या पोरीला कोपऱ्यात बसवू नये. तोच तो 'विटाळ' आहे, दार तेवढे बदलले.

आणि सगळीच भूल परंपरेच्या नावाने येते, असेही समजू नका. २९ जानेवारी २०२० रोजी, करोनाचा रोगी देशात सापडायच्या आदल्या दिवशी, आयुष मंत्रालयाने प्रतिबंधासाठी 'आर्सेनिकम अल्बम' ह्या होमिओपॅथीच्या गोळ्या सुचवल्या. जो रोग नुकताच जन्मला, त्यावर ह्या गोळ्यांची परीक्षा झाली कधी? आणि होमिओपॅथी तर जर्मनीतून आलेली! म्हणजे देशी-विदेशी हा भेद इथे कामाचा नाही. तपासलेले आणि न तपासलेले, एवढाच भेद खरा. हाफकिनसाहेबाने मुंबईत प्लेगची लस तयार केली, तेव्हा १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली, मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या तयार झालेल्या कैद्यांना दिली आणि ज्यांना दिली व ज्यांना दिली नाही त्यांचे आकडे ताडून पाहिले. सल्ला देण्याची रीत ही अशी असते.

मग आपण करायचे काय? सरकारी म्हणून सगळेच फेकून द्यायचे का? अजिबात नाही! पोलिओचे थेंब, गोवरची लस, लोहाच्या गोळ्या, क्लोरीनचे पाणी, हे सरकारनेच दारात आणले आणि त्यावर आपली मुले जगली. संशयाने सगळेच नाकारणारा माणूस लस चुकवतो आणि पोर गमावतो. म्हणून कुठलाही सल्ला समोर आला, की तीन प्रश्न विचारावेत. पहिला, हे कोणी, कोणत्या लोकांवर, कसे तपासले? दुसरा, 'हे खाऊ नका' म्हणता, तर त्याच्या बदल्यात त्याच तोडीचे काय देता? केळे गोड लागते, पण केळ्यात अंड्याएवढे प्रथिन नसते आणि बी-१२ तर नसतेच. तिसरा, ह्या सल्ल्याची किंमत कोण मोजतो? जो सल्ला देतो त्याच्या घरी बदाम आणि दूध असते. किंमत मोजतो तो ज्याच्या घरी ते नसते. ह्या तीन प्रश्नांना जो सल्ला उत्तर देईल तो डोळ्यांवर ठेवावा. देणार नाही त्याला 'मत' म्हणावे, 'शास्त्र' म्हणू नये.

गाडगेबाबांच्या हातात काय होते? खराटा! बाबांनी गाव झाडले. गाव 'शुद्ध' करीत ते बसले नाहीत. घाण असेल तिथे खराटा चालवायचा, माणसाच्या जातीवर पाणी शिंपडत बसायचे नाही, हा फरक निरक्षर बाबांना कळला होता.

शेवटी एक कामाची गोष्ट. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात आणि समितीत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. ती समिती म्हणजे आपणच! पण सभेला जातो कोण? पाळी सांभाळून आपल्यातला एक बाप, एक आई जरी नेमाने त्या सभेला बसली आणि "पोरांच्या ताटात प्रथिनं किती? अंडं का नाही? त्याच्या जागी काय?" असे शांतपणे विचारून ते इतिवृत्तात लिहून घेतले, तर पुष्कळ काम होईल. अंगणवाडीतल्या ताई आपल्याच वस्तीतल्या असतात. त्यांच्याशी भांडू नका, त्यांना बळ द्या. घरातल्या सुनेच्या ताटात आधी वाढा. आणि पोराने "आजी, हे कशावरून?" असे विचारले तर त्याला गप्प करू नका. पाणी प्यायला दहा वर्षे कोर्टात भांडावे लागलेल्या माणसांची आपण लेकरे आहोत. पोराच्या ताटातल्या अंड्याबद्दल एका सभेत हात वर करायला आपल्याला जड जाऊ नये.